पेच

वाबळ्यांची बंदूक आली तेव्हा
तिच्या गळ्यात तांब्याची तार होती,
तीन वेढे, वर डाखाचा थेंब.
आणि चापाच्या कडीला एक परका पेच,
पितळी, बसक्या डोक्याचा,
चुकीच्या मांडवात जेवायला बसलेल्या माणसासारखा.

टोपीची बंदूक, अठराशे पन्नासच्या आसपासची.
नळीत गंज, दस्त्यात भुंगा,
कायद्याने कानात शिसं ओतलेलं,
ठाण्याचा कागद सोबत, प्लास्टिकच्या पिशवीत.
धाकटे वाबळे म्हणाले,
"जशी होती तशी करून द्या."

जशी होती तशी.
सत्तावीस वर्षं फिटर होतो मी, बिर्लानगरच्या गिरणीत.
तिथं कुणी असं म्हणत नसे.
तिथं म्हणत, चालू करून द्या, पाळी सुटायच्या आत.

तार काढली. डाख खरवडला.
नळीवरचा पट्टा लोहिया बाजारात मिळाला,
कुणाच्या तरी खाटेच्या पायात ठोकलेला.
खाट विकत घ्यावी लागली.

पेच मात्र मिळेना.
त्या काळी प्रत्येक पेच हातानं घासलेला,
ज्याचं त्याचं भोक ठरलेलं,
ते आटे आज कुणी पाडत नाही.
मी पाडू शकलो असतो. लेथ आहे, हात आहेत.
पण मग तो माझा पेच झाला असता.
दोन उन्हाळे गेले असे. लू वाहायची,
आणि मी जिन्सी नाल्यावर रामसनेहीच्या भंगारात
उकिडवा बसून डालड्याचे डबे उपसायचो.
"चाचा, सोना ढूँढ रहे हो क्या?"
तीन सापडले एका दुपारी.
एक लांब. एकाची खाच फुटलेली.
तिसरा मी जिभेवर ठेवून पाहिला.

घरी नळीला मिठाचं पाणी, मग उकळी, मग ब्रश,
पुन्हा मिठाचं पाणी.
मंदाकिनी दारातून बघत होती.
"महिनाभर गंज काढलात,
आता तोच चढवताय?"
हो. पण हा मोजून.

मग पितळी पेच काढायला घेतला.
एवढा वेळ टाळत होतो, का ते ठाऊक नाही.
सहज फिरला. खाली भोकात लिंबाची एक काडी,
चपटी करून ठोकलेली, भोक सैल झालं म्हणून.
पेचाच्या डोक्याखाली कानशीचे ओरखडे,
भिंगातून पाहिले:
तिरपे, उलट्या हाताचे.
शेगडा नव्हता त्याच्याकडे. पायाच्या अंगठ्यात धरला असणार.
घाईत होता. अंधारही असेल.
पितळ समईचं असावं, नाहीतर घंटेचं.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं, जशी होती तशी.
त्याला सकाळपर्यंत चालू करून हवी होती.

डावखुरा.
मीही.

काडी फेकली. भोक फुंकलं.
अस्सल लोखंडी पेच लावला, त्याच काळाचा, त्याच घडणीचा,
दोन उन्हाळ्यांचा.
आणि तो गरागरा फिरत राहिला.
धरेना कशालाच.

कचऱ्यातून काडी शोधायला
कंदील नव्हता, मोबाइलचा दिवा होता,
मांजर पायात घोटाळत होतं,
आणि मी फरशीवर गुडघे टेकून
त्या माणसाची लिंबाची काडी मागत होतो.

सापडली. होती तिथं ठोकली.
मग पेच बसला. असा, की
शेवटच्या अर्ध्या आट्याला लाकूड किंचित कुरकुरलं.

वाबळे आले, गाडीतून गाद्या घेऊन आले,
तिला निजवून न्यायला.
"सगळं अस्सल ना?"
सगळं, म्हणालो.
पितळी पेच पुढे केला, तर म्हणाले,
"छे, हा तर तिचा नव्हेच."

न्यायच्या आधी त्यांनी ती खांद्याला लावली,
गच्चीवरून किल्ल्याच्या दिशेनं शिस्त धरली,
एक डोळा मिटून, लहान मुलासारखी.
चाप ओढला.
घोडा पडला शिशावर. खट्.
किल्ल्यावरचं एक पाखरूही उडालं नाही.

माझं लक्ष कडीकडे होतं.
कडी हलली नाही.